देवळातील लाकडी चीजवस्तू आणि जवसाचे तेल

(जीर्णोद्धार समारंभातील भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हटला की लोकांची नजर प्रथम शिखराकडे जाते. त्यानंतर गाभारा, फरशी, सभामंडपाचे खांब. वर्गणी कशावर किती खर्ची पडली याची चर्चा पारावर होते, आणि ती व्हावीच. परंतु जुन्या देवळाचे काम निघाले की पहिल्याच दिवशी एक ढीग कोपऱ्यात लोटला जातो. त्यात चौरंग असतो, पाट असतात, पोथीच्या दोन फळ्या, चिपळ्यांचे जोड, खडावा, एखादा कुंकवाचा करंडा, भंडाऱ्याच्या स्वयंपाकाचे पोळपाट नि काठवट. कोणी नवस फेडताना दिलेले, कोणी सप्ताहाच्या निमित्ताने. देणाऱ्याचे नाव संगमरवरी पाटीवर नसते. काम आटोपल्यावर हा ढीग एक तर नदीत जातो, नाही तर चुलीत. नाही तर कोणी उत्साही कार्यकर्ता उरलेल्या ऑइलपेंटचा डबा घेऊन सगळ्या वस्तू एकाच तांबड्या रंगात बुडवून काढतो. यातला तिसरा प्रकार सर्वांत वाईट, कारण तो सेवा समजून केला जातो.

वास्तविक या वस्तूंना नवे रूप देण्यास सुताराचीही फारशी गरज पडत नाही. पाव लिटर तेल, दोन नंबरचे पॉलिश पेपर, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि पंधरा दिवसांचा धीर, एवढे भांडवल पुरते.

आता तेल कोणते? घरोघरी उत्तर ठरलेले आहे: समईतले गोडेतेल, नाही तर खोबरेल. लावल्याबरोबर पाट चकाकतो, बघणारा खूश होतो. महिन्याभराने त्याच पाटावर बोट ठेवले तर बोट चिकटते. वर धूळ बसते, बुक्का बसतो, खवट वास सुटतो आणि रात्री झुरळे हजर. दोष पाटाचा नाही. शेंगदाण्याचे व खोबऱ्याचे तेल हवेत कधी वाळतच नाही. जवसाचे, म्हणजे अळशीचे तेल मात्र वाळते. पाणी वाळते तसे ते उडून जात नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून घेऊन आतल्या आत बांधले जाते आणि त्याचा पक्का थर होतो. तैलचित्रांत रंग कालवण्यासाठी चित्रकार हेच तेल वापरत आले. मुलांच्या क्रिकेटच्या बॅटलाही हेच लागते, हे गावातल्या पोरांना वडीलधाऱ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते.

रसायनशास्त्रात तेलाचा हा गुण आयोडीन अंकाने मोजतात. अंक जितका मोठा, तितके तेल वाळणारे. जवसाचा अंक साधारण १७० ते २००, करडईचा १४० ते १५०, तिळाचा ११० च्या आसपास, शेंगदाण्याचा ८५ ते १०० आणि खोबऱ्याचा अवघा १० च्या आतबाहेर. म्हणजे जवस न मिळाल्यास करडई चालेल, वाळण्यास वेळ जास्त घेईल इतकेच. बाकीची तेले देवाच्या दिव्यासाठी ठेवावीत.

जवसाचे तेल दोन प्रकारचे मिळते. घाण्यावरचे कच्चे तेल, आणि रंगाच्या दुकानात ‘डबल बॉईल’ म्हणून मिळते ते. दुकानातले तेल लवकर वाळते, कारण त्यात वाळवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात. चौरंगाला, खडावांना ते खुशाल लावावे. पोळपाट, लाटणे, काठवट यांना मात्र घाण्याचे कच्चे तेलच लावावे. त्या वस्तू अन्नाला लागतात. याच कारणाने तेलात शेंदूर कालवण्याची जुनी युक्तीही सोडून द्यावी. शेंदराने तेल लवकर वाळते हे खरे, पण खरा शेंदूर म्हणजे शिसे, आणि शिसे विषारी.

कामास हात घालताना घाई होते ती पहिल्या पायरीवर. हळदकुंकू, काजळी, जुने चिकट तेल यांच्यावरच नवे तेल फासले तर मळ कायमचा पक्का होतो. आधी रिठ्याच्या पाण्यात फडके पिळून वस्तू पुसावी. हौदात बुडवू नये. चिकटा राहिला तर टर्पेंटाईनच्या बोळ्याने काढावा, मात्र स्वयंपाकाच्या वस्तूला गरम पाणी व सोडाच बरा. मग दोन-तीन दिवस सावलीत वाळवण. उन्हात ठेवल्यास पाटाला तडा जाण्याचा संभव असतो. वाळल्यावर १२० नंबरचा पेपर लाकडाच्या रेषेबरोबर चालवावा, आडवा नव्हे. पुन्हा ओला हात फिरवावा म्हणजे लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. ते वाळले की २२० नंबरने उतरवावेत. कोरीव नक्षीवर पेपर मुळीच नको. तिथे दात घासण्याचा जुना ब्रश पुरे.

तेल लावताना वाटी गरम पाण्यात ठेवून ते कोमट करावे, जाळावर धरू नये. चिंधीने सढळ हाताने चोळावे. पाटाची कापलेली टोके तेल जास्त पितात, त्यांना दुसऱ्यांदा द्यावे. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने सगळे जास्तीचे तेल पुसून काढावे, अगदी मन घट्ट करून. इथेच बहुतेकांचे चुकते. जाड थर राहिला तर वर साय धरते, खाली ओलेच राहते आणि पृष्ठभाग सुरकुततो. कच्च्या तेलाचा एक हात वाळण्यास आठवडा लागू शकतो, सागवानावर त्याहूनही अधिक, कारण सागाचे स्वतःचे तेल आड येते. बोट चिकटेनासे झाले की दुसरा हात, मग तिसरा. हे काम माघ-फाल्गुनात काढावे, श्रावणात नव्हे.

आता जीवावरची गोष्ट. तेलाच्या चिंध्या.

तेल वाळताना उष्णता निर्माण होते. पाटावर ती हवेत निघून जाते. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आत कोंडते आणि काही तासांनी बोळा आपोआप पेट घेतो. काडी लागत नाही, समई लागत नाही. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या २२ व्या मजल्यावर, लाकूडकामाला जवसाचे तेल लावून टाकलेल्या अशाच चिंध्यांनी आग लागली. ती १९ तास जळत राहिली आणि तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. देवळात तर मंडपाचे कापड, कापूर, तुपाचे डबे सगळे जवळजवळ. तेव्हा काम संपताच प्रत्येक चिंधी वेगळी उलगडून बाहेर दोरीवर टाकावी, अथवा पाण्याच्या बादलीत बुडवावी. पिशवीत भरून माळ्यावर ठेवणे सक्त बंद. कारभाऱ्यांनी हे काम एका माणसाच्या नावावर लावून द्यावे. ‘कोणीतरी टाकील’ असे म्हटले की कोणीच टाकत नाही.

सर्वच वस्तूंना तेल लागते असेही नाही. सावंतवाडीच्या धर्तीच्या लाखेच्या करंड्यांत तेल मुरतच नाही. ते कोरड्या फडक्याने पुसावेत. पखवाजाच्या खोडाला पातळ हात द्यावा, पण पुडीच्या कातड्याला व शाईला थेंब लागता कामा नये. वीणेला घरगुती हात लावूच नये, ते काम वाद्ये करणाऱ्याचे. आणि वस्तूला घुण लागली असेल, खाली पीठ पडत असेल, तर वरचे तेल आतल्या किड्याला मारत नाही. ती वस्तू आधी वेगळी काढावी.

वर्षातून एकदा पुसून एक पातळ हात दिला की पुरते. पॉलिश उडाले तर सगळे खरवडावे लागते, तेलाचे तसे नाही. जिथे फिके पडले तिथेच लावता येते. जवसाने लाकूड वर्षागणिक थोडे पिवळसर, मधाच्या रंगाचे होत जाते, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

उरलेले तेल मोठ्या डब्यात तळाशी ठेवले तर वरच्या हवेने त्यावर साय येते आणि पुढल्या वर्षी ते निरुपयोगी ठरते. लहान बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बूच लावावे, चिठ्ठी चिकटवावी, आणि ती बाटली समईच्या तेलाच्या रांगेत ठेवू नये.