हिरवा डाग आणि हिरवी भुकटी

जुने तांब्याचे नाणे हाती लागले, की आपल्या घरांत काय होते ते सांगतो. कोणीतरी चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन बसते. देवाची भांडी लखलखतात, मग नाणे का नको? मीही हे केले आहे, म्हणूनच आज बोलायला बसलो.

माझ्या एका विद्यार्थ्याने आजीच्या डब्यातल्या पाच शिवराया आणल्या होत्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही नाणी पडू लागली आणि पुढे पेशवाईतही ठिकठिकाणच्या टांकसाळींत हाच मजकूर चालू राहिला. तेव्हा नाणे कोणत्या काळचे, हे ताडायचे ते वजनावरून आणि अक्षरांच्या वळणावरून. कोठे ‘शिव’, कोठे ‘सिव’, तर कोठे ‘सीव’ सुद्धा! त्या पाचांतल्या एकीवर हिरवट-तपकिरी थर होता आणि त्यात वेलांटी स्पष्ट दिसत होती. मी चिंच चोळली. नाणे गुलाबी झाले, वेलांटी मात्र गेली. ती तांब्यात नव्हतीच. त्या थरात होती.

असे का झाले? जमिनीत तांबे हळूहळू गंजते. धातूलगत लालसर थर बसतो, त्यावर हिरवा. मूळ पृष्ठभाग पुष्कळदा ह्या थरांतच टिकून राहतो. थर खरवडला, की ठसाही जातो. तेव्हा नखाने न निघणारा, टणक, गुळगुळीत हिरवा किंवा काळा डाग असेल, तर त्याला हात लावू नये. डागाळलेले नाणे मला घासलेल्या नाण्यापेक्षा केव्हाही प्रिय. जाणकार संग्राहकही घासलेल्या नाण्याला कमी किंमत देतो.

पण दुसराही एक हिरवा आहे, आणि तो घातकी आहे. फिकट हिरवी, ठिसूळ भुकटी. बोट लावले तर बोटाला येते. पुसली तरी पावसाळ्यात पुन्हा उगवते. मातीतले, समुद्राकाठच्या हवेतले, हाताच्या घामातले मीठ नाण्यात मुरून तांब्याचे क्लोराइड झालेले असते. दमट हवा लागली, की त्यातून ही भुकटी आणि आम्ल तयार होते. ते आम्ल पुन्हा ताजे तांबे खाते. असे चक्र चालते. आता लक्षात आले ना, चिंचेबरोबर मीठ चोळणे म्हणजे काय? रोग आपणच आत घालतो!

अशा नाण्याला मात्र स्वस्थ ठेवून चालत नाही. प्रथम ते इतर नाण्यांपासून वेगळे करावे. लाकडी काडीने, भिंगाखाली, भुकटी तेवढी टोकरावी. मग मोटारीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात नाणे ठेवावे आणि काही आठवडे पाणी बदलत राहावे. त्यानंतर पूर्ण वाळवून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डबीत ठेवावे. हवेतील आर्द्रता सुमारे चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली, तर रोग बहुधा निजून राहतो. खोलवर मुरलेले क्लोराइड पाण्याने सारे निघत नाही, हेही सांगून ठेवतो. संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत बेंझोट्रायाझोल नावाचे रसायन वापरतात. ते आरोग्याला अपायकारक, घरी त्याच्या वाटेस जाऊ नये. मऊ, उग्र वासाच्या प्लास्टिकची पाकिटेही नकोत; त्यांतून निघणाऱ्या द्रव्याने तांब्यावर हिरवा चिकटा धरतो.

गुरुजनांना एक विनंती. मुलांनी नाणे आणले, तर ते कोठून मिळाले, हे चिठीवर लिहून डबीत टाका. आणि जमिनीत पुरलेला ऐवज सापडला नि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही मुलांना सांगा.

त्या पाचांतल्या उरलेल्या चार शिवराया मी तशाच ठेवल्या. तीन स्वस्थ आहेत. चौथीवर श्रावणात फिकट ठिपका उगवला. ती सध्या पाण्यात आहे.