मदत मागणाऱ्या तरुणास काय मिळेल?

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंतील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं मद्य व मादक द्रव्यें यांचा विषय काढणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु आपलें नाशिक द्राक्षांसाठीं व वाइनसाठीं नांवाजलेलें आहे. शिवाय सन 2023 च्या ऑक्टोबरांत येथून जवळच शिंदे गांवीं मेफेड्रोन बनविण्याचा कारखाना पोलिसांनीं उघडकीस आणला. ज्यास आपलीं मुलें ‘एमडी’ म्हणतात, तें विष उंबरठ्याशीं आलें आहे. अशा वेळीं मौन धरणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

व्यसनाचे दुष्परिणाम तुम्हीं पुष्कळदां ऐकले आहेत. मदत मागावयास गेल्यावर काय घडतें, तेवढेंच आम्ही सांगणार आहों. कारण तें ठाऊक नसल्यामुळें कित्येक तरुण दारापर्यंत जाऊन परततात.

आरंभ दूरध्वनीनेंही करतां येतो. 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठींचा विनामूल्य क्रमांक आहे. पुढें प्रत्यक्ष भेटींत काय घेतां, किती, केव्हांपासून, झोप व भूक कशी आहे, असे प्रश्न विचारतात. हे प्रश्न गुन्हेगारास विचारावयाचे नव्हेत, रोग्यास विचारावयाचे आहेत. म्हणून खरें तेंच सांगावें. नंतर शरीराची तपासणी होते. व्यसन थांबतांच हातांस कंप सुटणें, घाम येणें, झोप उडणें असा त्रास कांहीं दिवस होतो; त्यावर औषधें आहेत. दररोज पुष्कळ पिणाऱ्यानें मात्र घरच्या घरीं एकाएकीं दारू तोडूं नये. झटके येऊन वा भ्रम होऊन प्राणावर बेतूं शकतें.

शरीर शांत झालें म्हणजे खरें काम सुरू होतें. पुण्याचें ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं सन 1986 मध्यें स्थापिलें, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचें त्यास मोठें साहाय्य झालें. तेथील निवासी उपचार पस्तीस दिवसांचा आहे. त्यांत समुपदेशन, गटचर्चा, व्यायाम, नेमून दिलेलीं कामें व घरच्या मंडळींशीं बोलणें यांचा समावेश असतो. मुंबईस फादर जोसेफ परेरा यांनीं सन 1981 मध्यें ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलें. तेथें योगासनांसही स्थान आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांस तर फी नाहीं; दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट.

“लोकांस कळेल” ही भीति सर्वांत मोठी. सन 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्याची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. अठरा वर्षांखालील मुलास भरती करावयाचें तर पालकांची संमति लागते. हाच कायदा रोग्यास सांखळीनें बांधण्यास मनाई करतो. म्हणून पालकहो, मुलास कोठेंही सोडण्यापूर्वीं ती जागा स्वतः पाहा. तेथें डॉक्टर येतात कीं नाहीं, तें विचारा. जेथें मारझोड होते तेथें उपचार होत नाहीं.

कित्येक आईबाप म्हणतात, “लग्न करून देऊं, मग सुधारेल.” सुधारणा होत नाहीं, एका परक्या मुलीचा संसार मात्र उद्ध्वस्त होतो. दुसरे म्हणतात, “फादर, तुम्हीच याला शपथ घाला.” शपथ आम्ही देऊं, प्रार्थना करूं, पापनिवेदनाचें गुपित मरेपर्यंत जपूं, परंतु कांपणाऱ्या हातास औषध डॉक्टरांनींच द्यावयाचें. प्रार्थना व उपचार यांचें वैर नाहीं.

उपचारानंतरही पाय घसरूं शकतो. तेवढ्यानें सर्व वायां गेलें असें मानूं नका. त्याच दारीं पुन्हां जा. डब्लिनचा हमाल मॅट टॅल्बट बाळपणापासून पीत होता. सन 1884 मध्यें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें दारू सोडली आणि सन 1925 मध्यें मृत्यु येईपर्यंत ती पुन्हां शिवली नाहीं. सन 1975 मध्यें ख्रिस्तसभेनें त्यास ‘वंदनीय’ म्हणून गौरविलें.

आपला एखादा मुलगा वा मुलगी उपचार घेऊन परतली, तर आपण काय करूं? मंदिराच्या पायरीवर कुजबुज करूं, कीं शेजारीं बसावयास जागा देऊं? लग्नांत व सणांत तिच्यापुढें पेला धरूं, कीं सरबत देऊं? डॉक्टरांचें काम कांहीं आठवड्यांचें. पुढचीं वर्षें आपल्याकडे आहेत. आणि तरुणांनो, एकट्यानें जाण्याचें धैर्य होत नसेल, तर आमचें दार ठोठवा. आम्ही बरोबर येऊं.