तिथी आणि रविवार

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाचा चंपाषष्ठीचा उत्सव यापुढे षष्ठीस न करता त्यानंतरच्या रविवारी करावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली असून ती सर्वसाधारण सभेपुढे मांडण्यापूर्वी त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. सूचना तरुण सभासदांची आहे, म्हणून ती उथळ आहे असे कोणी समजू नये. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी बुधवारी आली, तर विरारहून किंवा पिंपरीहून नोकरदार माणसाने दुपारच्या महाप्रसादास यावे कसे? गतवर्षीच्या पंगतीत पांढऱ्या केसांचीच गर्दी होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा प्रश्न खरा आहे. मात्र हा प्रश्न आपल्यालाच प्रथम पडला अशी समजूत असेल तर ती बरोबर नाही. सणाचा दिवस हलवावा की न हलवावा, यावर जगातील अनेक समाजांनी डोकेफोड केलेली आहे, आणि त्यांच्या अनुभवाचा आपण फुकट लाभ घेऊ शकतो.

प्रथम अमेरिकेचे पाहू. तेथील विधिमंडळाने १९६८ साली एक कायदा करून काही राष्ट्रीय सुट्ट्या ठराविक सोमवारी नेल्या. शनिवार, रविवार आणि सोमवार अशी सलग तीन दिवस सुटी मिळावी, लोकांनी कुटुंबासह प्रवास करावा, हा हेतू. १९७१ पासून तो अमलात आला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्मदिवस २२ फेब्रुवारीचा. तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी गेला. आता तिसरा सोमवार १५ ते २१ या तारखांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे वॉशिंग्टनची जयंती त्याच्या जन्मतारखेस कधीही येणार नाही, अशी कायद्यानेच तजवीज झाली! लोकांनी त्याची फारशी खंत केली नाही. परंतु त्याच कायद्याने माजी सैनिकांचा दिवसही ऑक्टोबरातील एका सोमवारी ढकलला, तेव्हा मात्र गाडे अडले. १९१८ च्या नोव्हेंबरची ११ तारीख, सकाळी ११ वाजता पहिल्या महायुद्धातील तोफा थांबल्या, तो हा दिवस. ज्यांच्या घरची माणसे परत आली नव्हती त्यांना ऑक्टोबरातला सोमवार काय सांगणार? अखेर १९७८ पासून तो दिवस पुन्हा ११ नोव्हेंबरवर आणावा लागला. एकाच कायद्याने हलविलेला एक दिवस सुखाने हलला, दुसरा हलेना.

ख्रिस्ती धर्मातील ईस्टरचा वाद तर याहून कितीतरी जुना. आरंभीच्या काळी आशिया मायनरमधील ख्रिस्ती मंडळ्या यहुद्यांच्या निसान महिन्याची चतुर्दशी धरून हा सण पाळीत, मग वार कोणताही असो. रोमकडील मंडळ्या म्हणत, प्रभूचे पुनरुत्थान रविवारचे, तेव्हा रविवारच हवा. वाद इतका विकोपास गेला की इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमचा बिशप व्हिक्टर आशियातील मंडळ्यांशी संबंध तोडावयास निघाला होता. पुढे ३२५ साली नायसिया येथील धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण पाळावा असे ठरविले, आणि कालांतराने जो नियम रूढ झाला तो असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पाहा, चंद्रही राखला आणि वारही राखला. आपल्या तरुण मंडळींची सूचना याच जातीची आहे, म्हणून मी तिला धर्मबुडवेपणा म्हणत नाही. अर्थात पंचांगे वेगळी असल्यामुळे पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील चर्चचे ईस्टर बहुतेक वर्षी आजही निरनिराळ्या दिवशी येते. २०२५ साली ते २० एप्रिल रोजी एकत्र आले होते. पंचांगाचे भांडण सर्वत्र सारखेच चिवट, असे म्हणावयाचे!

परंतु ज्या समाजाची हकीकत मला आपल्यापुढे विस्ताराने ठेवावयाची आहे तो आपला शेजारीच आहे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडमधील, बेने इस्रायल लोक आपल्यापैकी जुन्या मंडळींच्या परिचयाचे आहेत. घाण्यावर तेल काढावयाचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवावयाचा, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि ग्रंथ समुद्रात गेले. ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, हिब्रू भाषेचा विसर पडलेला, बोली मराठी. अशा स्थितीत सण टिकले कसे?

त्यांच्या सणांची मराठी नावे ऐका, म्हणजे उत्तर सापडेल. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. हा बहुतेक वर्षी आपल्या घटस्थापनेच्या आसपास येतो, कारण त्यांचे महिनेही चांद्र आणि आपल्याप्रमाणेच त्यांच्यातही अधिक मास. त्यानंतर ‘खिरीचा सण’. दहाव्या दिवशी कडक उपवास करून, दारे लावून, घरात बसावयाचे, तो ‘दारफळणीचा सण’. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’, त्या दिवशी दानधर्म करावयाचा व आप्तेष्टांकडे जावयाचे. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस हा ‘बिरड्याचा सण’, कारण त्या उपवासाशी वालाचे बिरडे जोडले गेले होते. वल्हांडणाच्या सणात आंबवलेले अन्न निषिद्ध. त्यामागची मूळ कथा विस्मृतीत गेली, पण त्या दिवसांत घरातील आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवावयाचे एवढे लक्षात राहिले, आणि सणाला नावही त्यावरूनच पडले. फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येणारा त्यांचा पुरीम, तो अर्थातच ‘होळीचा सण’.

मंदिराच्या नावाने एकही सण ओळखला गेला नाही, तो ओळखला गेला बिरड्याने, खिरीने आणि झाकलेल्या भांड्याने. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान त्यांच्याकडे आला, त्याविषयीची दंतकथाही स्वयंपाकघरातलीच आहे. हे खरोखर आपले धर्मबंधू आहेत काय, याची परीक्षा पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी वेचून घेतली, बाकीची बाजूस सारली. आणि त्याची खात्री पटली. १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले गेले. तोपर्यंतचा सारा काळ त्यांच्या चुलीने धर्म सांभाळला होता. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक जण इस्रायलला गेले.

चीनमध्ये याची उलट बाजू दिसते. १९१२ साली तेथील प्रजासत्ताकाने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि पुढे १९३० च्या सुमारास जुने चांद्र नववर्ष पाळण्यास सरकारने मनाईही केली. लोकांनी घरात ते पाळलेच. मनाई गेली, सण राहिला. जपानने १ जानेवारी १८७३ पासून पंचांग बदलले, तेव्हा पितरांचा ‘बोन’ हा सण तोक्योत जुलैत, इतर बऱ्याच भागांत ऑगस्टात, असा फाटला. तरी प्रत्येक जागी घरोघर पितरांना ताट वाढले जातेच.

आता आपल्या षष्ठीकडे येतो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस घट बसतात, सहाव्या दिवशी उठतात. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे त्या दिवशी प्रथम पानात पडते : बाजरीचा रोडगा, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा, लसूण. नवी बाजरी घरात आलेली असते, वांगी कोवळी असतात. हा नैवेद्य षष्ठीचाच. परंतु पारितोषिक वितरण, वधूवर परिचय, अहवालवाचन आणि अध्यक्षांचे भाषण यांस तिथी लागत नाही. ते रविवारी व्हावे, आणि थोडे लवकर आटोपावे, असे माझे मत आहे.

मला भीती रविवारची वाटत नाही. मला भीती वाटते ती अशी की, मंडळ रविवारी करणारच आहे, तेव्हा घरी कशाला, असे म्हणून षष्ठीस घरात काहीच होणार नाही. आणि पंगतीत आचाऱ्याच्या हातचे भरीत वाढले गेले की मुलांना ती एक भाजी वाटेल. यात घरच्या स्त्रियांवरच सारा भार टाकून पुरुषांनी उपदेश करावा, हेही मला मान्य नाही. रोडगा थापणे पुरुषांस अशक्य नाही. माझे वडील थापीत असत.

एक अडचण मात्र खरी आहे. तळी उचलावयास पाच जण लागतात आणि शहरातील दोन खोल्यांच्या घरात दोघेच असतात. म्हणून मूळ सूचनेस माझी उपसूचना अशी की, संमेलन रविवारी व्हावे. परंतु षष्ठीच्या सायंकाळी, कचेरीतून परतल्यावर पोहोचता येईल अशा वेळी, प्रत्येक विभागात एका घरी तळी भरली जावी आणि शेजारच्या ज्ञातिबांधवांनी आपापल्या घरून रोडगा-भरीत घेऊन तेथे जमावे. अशा घरांची यादी मंडळाने पत्रकात छापावी. ज्या कुटुंबांची तयारी असेल त्यांनी आपली नावे त्रिपुरी पौर्णिमेपूर्वी चिटणीसांकडे द्यावीत. आमच्या विभागाकरिता माझे घर लिहून घेण्यास हरकत नाही.