इंजिन खोलण्याआधी
(प्रतापगड, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया येथील शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



धान पोटरीत आले आणि पावसाने दडी मारली, की गोठ्यामागचे जुने डिझेल इंजिन आठवते. विजेचे पंप आले, सौर पंपही आले. पण बोडीच्या काठावर जिथे तार पोचत नाही, तिथे हेच इंजिन न्यावे लागते. कित्येक महिने उभे असलेले इंजिन सुरू तर होते, पण ओढत नाही. मिस्त्री धूर पाहतो आणि म्हणतो, "बोअर गेला, खोलावे लागेल." खोललेले इंजिन पुन्हा जुळेपर्यंत आठवडा जातो. निसवणारे धान आठवडाभर थांबत नाही. मी कृषिविद्येचा माणूस, माझी काळजी त्या आठवड्याची आहे.

पोटरीपासून दाणा भरेपर्यंत बांधीत ५ ते १० सेंमी पाणी हवे. एका एकरात ५ सेंमी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. पंप सेकंदाला १० लिटर देत असेल तर साडेपाच तास लागतात, ६ लिटरच देत असेल तर सव्वानऊ. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण बोजावर तासाला साधारण १ लिटर डिझेल पिते. फरकाचा हिशेब तुम्हीच करा. आपला पंप किती देतो हे पाहायला २०० लिटरचे पिंप पुरे. ते २० सेकंदांत भरले तर १० लिटर, ३३ सेकंद लागले तर ६.

आता दोष कुठे आहे ते ओळखू. इंजिन हलके धावते, धूर स्वच्छ आहे, पण पाणी कमी येते, तर इंजिनाला हात लावू नका. दोष पंपाकडे आहे. फूटवॉल्व्हच्या जाळीत शेवाळ व गाळ अडकला असेल, सक्शनच्या सांध्यातून हवा ओढली जात असेल, ग्लँडची दोरी झिजली असेल किंवा पट्टा घसरत असेल. बोडीचे पाणी खाली गेले की सक्शनची उंचीही वाढते, तेव्हा पंप पाण्याजवळ सरकवा. मोटारबोट चालवणाऱ्याला हे लवकर उमगते. बोट रेंगाळू लागली की इंजिन उघडण्याआधी तो पंख्याला वेल गुंडाळली आहे का ते पाहतो.

मात्र बोजा देताच आवाज दबत असेल आणि काळा धूर निघत असेल, तर हवा कमी पडते किंवा डिझेल नीट जळत नाही. आपल्याकडे हेच इंजिन मळणीलाही लावतात. धानाचा भुसा एअर क्लीनरमध्ये बसतो, त्यातले तेल चिखलासारखे होते. ते धुऊन नवे तेल भरा. सायलेन्सरही काढून पाहा; काजळी तर असतेच, उभ्या इंजिनात कुंभारीण माशीने मातीचे घरही केलेले असते!

इंजिन अर्धा तास नीट चालून मंदावत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पाहा. पुन्हा उचल घेतली, तर झाकणाचे भोक बुजले आहे. टाचणीचे काम, पण त्यापायी इंजिने खोलली जातात. टाकीच्या तळाशी पाणी व गाळ साचतो. तो काढून टाका, फिल्टर बदला. मग डिझेलच्या नळीतली एअर काढा: स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या. नोझल तपासायचे काम मात्र वर्कशॉपचे. त्याच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, डिझेल कातडीत घुसते.

निळा धूर म्हणजे ऑइल जळते, रिंगा झिजल्या. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ चालतो. तापल्यावरही राहिला तर डिझेलमध्ये पाणी असेल किंवा कॉम्प्रेशन कमी असेल. इंजिन बंद असताना डिझेल तोडून, डिकॉम्प्रेशनचा खटका न उचलता हँडल सावकाश फिरवा. चांगले इंजिन हाताला अडवते. सहज फिरले, तर टॅपेटची फट आधी तपासून घ्या. ती बरोबर असूनही अडत नसेल, तर मिस्त्रीचे म्हणणे खरे धरा.

आणखी एक गोष्ट, जिथे माझा आवाज चढतो. पाणी खाली गेले म्हणून काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. विहिरीत किंवा बंद खोलीत इंजिन चालवू नका. फिरत्या पट्ट्याजवळ धोतर, पदर, दुपट्टा जाऊ देऊ नका.

मळणी संपल्यावर इंजिन ठेवताना टाकी स्वच्छ करा, ऑइल बदला, सायलेन्सरच्या तोंडाला डबा घाला. पिंप भरायला लागलेले सेकंद खडूने भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मिस्त्री आला की तो आकडा त्याला आधी दाखवा.