आवारातला नळ
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

मी साखर कारखान्यातला निवृत्त फिटर. मोठ्या विषयांवर बोलणारे वक्ते झाले, मी गेटजवळच्या नळावर बोलतो. घरातला नळ ठिबकला तर आपण लगेच बघतो. आवारातला नळ सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही! सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात.

पण प्रश्न नुसत्या नासाडीचा नाही. हा नळ थेट मेन लाइनवर आहे. पाणी गेलं की लाइन रिकामी होताना आत ओढ घेते. तेव्हा नळ उघडा असला आणि त्याला जोडलेल्या पाइपाचं टोक बादलीत किंवा गटारीत पडलं असलं, तर ते पाणी लाइनीत शिरतं. पुढची घागर कुणाच्या घरी जाईल, सांगता येत नाही. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली होती. कृष्णा-पंचगंगेचा पूर तर आपण २००५, २०१९ आणि २०२१ ला बघितलाय. थंड देशांत बाहेरच्या नळाचा दांडा लांब ठेवून वायसर भिंतीच्या आत, उबेला बसवतात, म्हणजे पाणी गोठून पाइप फुटत नाही. आपल्याला भीती गोठण्याची नाही, घाण पाणी आत शिरण्याची आहे.

आता दुरुस्ती. नळ बंद करूनही तोटीतून ठिबकतो, तर वायसर गेलं. नळ सुरू असताना दांड्याजवळून पाणी येतं, तर वरचं पॅकिंग सैल झालं. तिथला नट थोडा आवळून बघा.

वायसर बदलताना आधी मागचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. एका पान्यानं नळ धरा, दुसऱ्यानं वरचा भाग खोला. एकाच पान्यानं जोर लावला, तर जुना जीआय पाइप भिंतीतच पिळवटतो. वायसर त्याच मापाचं घ्या. आतली बैठक बोटानं चाचपा. ती खरबरीत लागली तर नवं वायसरही टिकणार नाही, सरळ नळच बदला.

नवीन नळ बसवताना आटे पुसून घ्या. टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना सुटते. आधी हातानं बसवा, मग पान्यानं बेतानं आवळा. प्लॅस्टिकच्या फिटिंगला जास्त जोर लावला तर तडा जातो.

माझ्या तीन सूचना आहेत. ऑफिसात दोन पाने, वायसर आणि टेप कायम असावेत. व्हॉल्व्ह सहा महिन्यांतून एकदा फिरवावा, नाहीतर ऐनवेळी जाम होतो. आणि काम झालं की पाइप नळापासून काढून गुंडाळून ठेवावा. पूर ओसरल्यावर मात्र लाइन धुऊन घेतल्याशिवाय या नळाचं पाणी कुणी पिऊ नये, आणि त्यानंतरही काही दिवस उकळूनच प्यावं.

रविवारी सकाळी मी नळाजवळ थांबणार आहे. पोरापोरींना पाठवा, हातात पाना देऊन शिकवतो. पुढची पंचवीस वर्षं हा नळ त्यांनाच सांभाळायचाय.