हौसेचा रकाना
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला कोणा विदुषीचे व्याख्यान ठेवावे अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा ती मोडून चिटणीसबाईंनी आपल्यातल्याच एका शिवणकाम करणाऱ्या बाईला उभे केले आहे. विषयही असा दिला आहे, की जो हळदीकुंकवाला जमलेल्या बायका सहसा काढीत नाहीत. विषय आहे कर्ज. आणि कर्ज फेडीत असताना घरात हौसमौज करावी की करू नये, हा. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. जमाखर्चाची वही मात्र लग्न झाल्यापासून लिहीत आले आहे, आणि आज जे सांगणार आहे ते बहुतेक त्या वहीतलेच आहे.

या बाबतीत आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की कर्ज आहे तोवर नाटक नको, प्रवास नको, गजरासुद्धा नको. तोंड मिटून फेडीत राहावे. दुसरे मत असे, की हौसेला मोल नाही, कर्ज काय, फिटेल सावकाश. पहिल्या मताची माणसे 'ऋण काढून सण करू नये' ही म्हण ऐकवितात. म्हण खरी आहे. पण ऋण असताना सणच करू नये असे काही ती म्हणत नाही. माझे म्हणणे या दोहोंहून वेगळे आहे. कर्ज फेडण्याची जी योजना आखाल तिच्यातच, पहिल्या महिन्यापासून, हौसेची एक लहानशी आणि ठरीव रक्कम लिहावी. ती रोख असावी. आणि ती घरातल्या प्रत्येकाच्या नावावर वेगळी असावी, बाईच्यासुद्धा. या 'बाईच्यासुद्धा'विषयी मला पुढे जरा जास्त बोलावयाचे आहे.

आधी आमच्या कर्जाची हकीगत थोडक्यात सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, ते येथे बसलेल्या अनेकींनी सोसलेले आहे. आमचे घर तळमजल्यावर. फ्रीज, गाद्या, कपाटे, माझी शिलाईची दोन यंत्रे, सारे पाण्यात गेले. त्यातून सावरतो न सावरतो तोच २०२० ची टाळेबंदी आली आणि यजमानांचा पगार कित्येक महिने अर्ध्यावर आला. २०२२ च्या पाडव्याला आमच्या डोक्यावर तीन ठिकाणचे देणे होते. क्रेडिट कार्डाचे ६०,००० रुपये. पतसंस्थेत दागिने ठेवून काढलेले सोनेतारण १,२०,०००. आणि माझ्या थोरल्या वन्संकडून हातउसने घेतलेले ७५,०००. एकूण २,५५,०००. घरखर्च, शाळेची फी, सासूबाईंची औषधे भागवून महिन्याला हाती उरत होते १४,००० रुपये.

आता या तिन्ही कर्जांचे स्वभाव पाहा, कारण कर्ज म्हटले की आपण सगळ्यांना एकाच पंगतीला बसवितो. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज, आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. साठ हजारांवर महिन्याचे व्याज झाले २,१०० रुपये, कर ३७८, मिळून २,४७८. कार्डाच्या कागदावर ठळक अक्षरांत 'किमान देय रक्कम' म्हणून ३,००० चा आकडा असे. म्हणजे तेवढेच भरले तर मुद्दल कमी होणार ५२२ रुपयांनी! आपल्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येत नसे. कार्डाचे देणे या दराने नुसते पडून राहू दिले, तर उशिराचा दंड न धरताही ते सतरा महिन्यांत दुप्पट होते, आणि तेथे थांबतही नाही. शिवाय एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. कार्डाची पूर्ण रक्कम भरली नाही, की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डावर साडी घेतली, तर तिचे व्याज आजपासूनच सुरू.

सोनेतारणाला वर्षाला बारा टक्के, म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. ते वेळच्या वेळी भरले की दागिन्यांना धोका नाही. वन्संच्या पैशाला व्याज नाही. तेव्हा हिशेबाने पाहता क्रम सरळ आहे : आधी कार्ड, मग सोने, शेवटी वन्सं. परंतु नात्यातले कर्ज नुसत्या हिशेबाने ठेवता येत नाही. वर्ष-दीड वर्ष त्यांना एक पैसा न देता त्यांच्या घरी केळवणाला जाऊन जेवायचे कसे? म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला त्यांना १,००० रुपये द्यावयाचे असे ठरविले. त्या म्हणाल्याही, "अगं, एवढी घाई काय आहे?" पण तीन महिन्यांनी त्यांच्या बोलण्यातला सैलपणा मला जाणवला, आणि माझ्याही.

मग १४,००० ची वाटणी अशी झाली : वन्संना १,०००, सोनेतारणाचे व्याज १,२००, कार्डाला १०,६००, आणि हौसेला १,२००. कार्ड सातव्या महिन्यात, दिवाळीच्या तोंडावर फिटले. त्यानंतर तो सारा पैसा सोनेतारणाकडे वळविला आणि २०२३ च्या गणपतीच्या सुमारास दागिने घरी आले. उरलेली सगळी रक्कम वन्संची, ती २०२४ च्या संक्रांतीच्या महिन्यात पुरी झाली. एकूण बावीस महिने. मध्ये एक महिना ओढाताणीचा गेला, तो दिवाळीच्या जादा शिवणकामाने भरून निघाला.

आमचे धाकटे भाऊजी हिशेबाला फार पक्के. त्यांनी कागद घेऊन मांडून दाखविले, की हौसेचे १,२०० सुद्धा कर्जातच घातले असते, तर बावीसऐवजी वीस महिन्यांत सुटका झाली असती आणि व्याजाचे सुमारे अडीच हजार रुपये वाचले असते. हिशेब बरोबर आहे. मी तो दोनदा तपासला. आम्हाला दिवाळीऐवजी संक्रांत उजाडली ती या हौसेपायी. पण बावीस महिन्यांत चार माणसांनी २६,४०० रुपयांची हौस केली आणि तिच्यासाठी दोन महिने आणि अडीच हजार रुपये जादा मोजले, ते डोळे उघडे ठेवून मोजले. भाऊजींना ते पाण्यात गेलेसे वाटतात. मला वाटत नाहीत.

कारण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात कर्जासाठी सगळे बंद केले होते. मुलांचे पोहणे बंद, बाईची भिशी बंद, रविवारची भेळ बंद. पाच महिने फार निष्ठेने चालले. मग दिवाळी आली, आणि कडक उपास सोडताना माणूस जसा जेवतो तसे झाले. एका दुपारी मोठा टी.व्ही. आणि मुलाला फोन, दोन्ही हप्त्यांवर घरी आले. दुकानात पाटी होती 'शून्य टक्के व्याज'. भगिनींनो, रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. ते व्याज कोठे 'प्रोसेसिंग'च्या नावाने, कोठे रोखीची सूट न देता, पण घेतलेले असते. त्या घरी पाच महिन्यांत जे फिटले होते त्याहून नवे कर्ज अधिक झाले.

हप्त्यांवरून आठवले म्हणून सांगते. व्याजाचा दर विचारताना 'सपाट दर की उतरत्या शिलकीवर?' एवढा प्रश्न अवश्य विचारीत जा. एक लाखावर दोन वर्षांसाठी बारा टक्के सपाट म्हटले, की चोवीस हजार व्याज धरून महिना ५,१६७ चा हप्ता पडतो. तुम्ही दरमहा मुद्दल परत करीत असता, पण व्याज मात्र अखेरपर्यंत पुऱ्या लाखावर. खरा दर जातो साडेएकवीस टक्क्यांच्या घरात. बारा ऐकून घरी यायचे आणि साडेएकवीस भरायचे!

आता हौसेच्या रकान्याकडे येते. १,२०० रुपयांचे आम्ही चार सारखे भाग केले : यजमान, सासूबाई, मुलगी आणि मी. प्रत्येकी ३००. चार पाकिटे केली आणि एक तारखेला रोख भरली. फोनवरून पैसे देणे सोयीचे खरे, पण त्यात पैसा हातातून गेल्याचे कळत नाही. पाकीट रिकामे झाले की मुलीलाही कळते. नियम अगदी थोडे ठेविले. ज्याच्या पाकिटाचा खर्च त्यालाच ठाऊक, दुसऱ्याने विचारावयाचे नाही. उरले तर पुढच्या महिन्यात मिळवावे. संपले तर पुढच्या महिन्यातून उचल नाही.

पहिल्या महिन्यात मौज झाली. दहा तारखेलाच यजमान पाकीट उलटे करून पाहू लागले. कारखान्याबाहेरच्या टपरीवरचा चहा हा 'खर्च' आहे, हे तोवर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्यांनी पुढे दोनाचा एक चहा केला, आणि उरलेल्या पैशांतून मुलीला घेऊन महिन्यातून एकदा भेळ खाऊ लागले. सासूबाईंचे पाकीट भरलेलेच राही. मी एकदा म्हटले, "आई, खर्च करा की." त्या म्हणाल्या, "तू विचारायचं नाही असं ठरलंय ना?" पुढे कळले, की त्या पंढरपूरसाठी साठवीत होत्या. एस.टी.ने २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा आमच्या शहात्तर वर्षांच्या सासूबाई आपल्या पैशाने मलाच पंढरपूरला घेऊन गेल्या. बसस्थानकावर त्यांनी पाकिटातून नोट काढून माझ्या चहाचे पैसे दिले, तेव्हाचा त्यांचा तोरा पाहण्यासारखा होता.

आता 'बाईच्यासुद्धा' या शब्दाकडे वळते. या भाषणाच्या तयारीसाठी आपल्या सात-आठ सभासदांच्या वह्या मी त्यांच्या परवानगीने पाहिल्या. त्यांत मुलांची हौस नावानिशी लिहिलेली आहे : चित्रकलेचा वर्ग, क्रिकेटची बॅट. पुरुषांचा पान-चहा वहीत नाहीच. तो खिशातून जातो, वहीत येत नाही. आणि बाईची हौस? ती 'किरकोळ' या शब्दाखाली आहे, नाहीतर मुळीच नाही. पैशाची ओढ लागली, की काट मारली जाते ती वहीत दिसणाऱ्या आणि कोणी हट्ट न करणाऱ्या खर्चावर. भिशी सुटते, वाचनालयाची वर्गणी थांबते, क्रोशाचा दोरा आणणे राहते. कोणी सांगितलेले नसते. बाईने आपणच काट मारलेली असते आणि घरात कोणाला पत्ताही नसतो. कर्ज फिटल्यावर मुलांचा वर्ग परत सुरू होतो. पेटीवर बोट ठेवायचे सोडून दिलेली बाई मात्र परत पेटी काढीत नाही, असे मी दोन घरांत पाहिले आहे. म्हणून वहीत 'किरकोळ' लिहू नका. आपले नाव लिहा आणि पुढे आकडा घाला, मग तो पन्नास का असेना.

माझे ३०० नाटकाचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात 'सीतास्वयंवर' केले, आणि मराठी नाटक येथून चालू लागले. त्या सांगलीत राहून नाटकाला पैसे नाहीत म्हणणे मला शोभेना. दोन-तीन महिन्यांचे मिळून मागच्या रांगेचे तिकीट आणि रिक्षा निघते. दिवाळीचा महिना मात्र अंकांचा. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाबरोबर अंक हवा ही मराठी घराची खोडच आहे. आता एकेका अंकाला चारशेच्या घरात पैसे पडतात. आम्ही पाच जणींनी एकेक अंक घेतला आणि दर आठ दिवसांनी बदलला. पाच अंक वाचून झाले आणि त्यांवरची भांडणे संक्रांतीपर्यंत पुरली.

भिशीबद्दल दोघींनी विचारले होते. भिशी सोडू नका, पण कार्डाचे कर्ज असेल तोवर हिस्सा लहान घ्या, आणि नंबर लागला की निम्मी रक्कम कर्जात टाका. सगळी टाका असे मी म्हणत नाही.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जेथे हप्ताच चुकतो आहे किंवा वाण्याची उधारी महिन्यागणिक वाढते आहे, तेथे १,२०० रुपये फार होतात. तेथे दोनशे ठेवा, शंभर ठेवा. आणि जेथे विनापरवाना सावकार दारात येऊन दमदाटी करतो, तेथे हा विषयच लागू नाही. अशा वेळी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. अर्ज लिहावयास मंडळातील कोणीही सोबत येईल. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

चिटणीसबाईंनी घड्याळ दाखविले आहे, तेव्हा आवरते. पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या मागच्या खोलीत आपण वह्या घेऊन बसणार आहोत. ज्यांना आकडे दुसरीला दाखवायचे नसतील त्यांनी नाव न घालता कोऱ्या कागदावर आणावेत. कार्डाचा किंवा कर्जाचा छापील कागद असेल तो सोबत असू द्या. चष्मा विसरू नका. बारीक अक्षरांतलेच वाचावयाचे आहे. गणकयंत्र मी आणीन, चहा ज्याच्या त्याच्या पाकिटातून.