बाळ अजून बोलत का नाही?

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आज मी लहान मुलांच्या बोलण्याविषयी सांगणार आहे. पुष्कळ घरांत हा घोर असतो, पण चारचौघांत कोणी तो काढत नाही. शेजारणीचे पोर दीड वर्षाचे होते आणि आई, बाबा, पाणी असे म्हणू लागते. आपले पोर दोन वर्षांचे झाले, तरी नुसते पदर धरून ओढते. आईच्या पोटात कालवाकालव होते. सासूबाई म्हणतात, “अगं, बोलंल की! त्याचा बा तरी कुठं लवकर बोलला व्हता?” कोणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगते. कोणी पोपटाचा उष्टा पेरू आणून देते. कोणी म्हणते, जीभ खाली चिकटली आहे, कापून घ्या. आणि कोणी आईलाच बोल लावते, की गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले.

हे शेवटचे आधी बाजूला काढू. ग्रहणाने कोणाचे मूल मुके होत नाही. आईला दोष दिल्याने मूल बोलू लागत नाही. आई मात्र गप्प होते, आणि मुलाला तर तिच्याच बोलण्याची गरज असते! पेरू गोड असेल, पण त्याने वाचा फुटत नाही. वेखंड जास्त पोटात गेले, तर पोराला उलट्या होतात. जिभेखालची शीर आखूड असली, तर अंगावर पिताना त्रास होतो, क्वचित एखादे अक्षर बोबडे येते. पण तेवढ्याने मूल बोलायचेच राहत नाही.

सासूबाईंचे म्हणणे मात्र अर्धे खरे आहे. काही मुले उशिरा बोलतात आणि पुढे चांगली बोलतात. एका शेतातली ज्वारी तरी एका दिवशी कुठे निसवते? पण हंगाम उलटला आणि ताटाला कणीस नाही, तर शेतकरी स्वस्थ बसत नाही. तो पान उलटून बघतो, मुळाशी उकरून बघतो. तसेच इथे करायचे.

मग बोलण्याचा हंगाम कोणता? दोन महिन्यांचे बाळ आईकडे बघून हसते. सहा-सात महिन्यांत बा-बा-बा, दा-दा-दा असे आवाज काढते. वर्षाचे होईतो नावाने हाक मारली की वळून बघते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते, एखादा शब्दही बोलते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते. “आई दे,” “बाबा गेले,” एवढे पुरे. वर्ष-सव्वा वर्ष झाले तरी मूल बोट दाखवत नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्दांची जोड नाही, तर थांबू नये, तपासून घ्यावे. चार महिन्यांत मान धरली नाही, नऊ महिन्यांत बसले नाही, दीड वर्षात चालले नाही, तरीही तसेच. आणि बोलत असलेले मूल जर बोलायचे थांबले, तर एक दिवसही वाट पाहू नये, मग त्याचे वय काही असो.

आता मुळाशी उकरून बघू. सर्वांत आधी बघायचा तो कान. लोक मूल बोलत नाही म्हणून तोंड बघतात, जीभ बघतात, घसा बघतात. पण मूल बोलायला शिकते ते ऐकून. ज्याच्या कानावर शब्दच पडला नाही, तो तोंडातून शब्द काढणार कसा? ज्यांना आपण मुके म्हणतो, त्यांतल्या पुष्कळांचा घसा तुमच्या-आमच्यासारखाच धड असतो. फक्त त्यांना ऐकू येत नाही.

“पण आमच्या पोराला ऐकू येतंय की! थाळी वाजवली की दचकतं, मिरवणुकीचा ढोल वाजला की नाचतं.” असे आईबाप सांगतात आणि ते खोटे सांगत नाहीत. पण ऐकू येणे आणि सगळे ऐकू येणे यांत फरक आहे. ढोलाचा आवाज मोठा असतो आणि जाड असतो. तो कानाला कळतो, छातीलाही कळतो. दार आपटले तर जमीन हादरते, ती मुलाच्या पायाला कळते. पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ हे आवाज बारीक असतात. कान थोडा अधू असला, तर ढोल ऐकू येतो आणि ‘स’ ऐकू येत नाही. अशा मुलाला आपले बोलणे पुसट अक्षरांच्या कागदासारखे लागते. तुम्ही सगळे नुकतेच वाचायला शिकला आहात. पाटीवरचे अर्धे अक्षर पुसले तर किती पंचाईत होते, ते तुम्हांला सांगायला नको.

आणखी एक फसगत होते. बहिरे बाळसुद्धा पहिले काही महिने हसते, रडते, अं-अं करते. त्यामुळे कोणाला संशय येत नाही. मग हळूहळू त्याचे आवाज कमी होतात, आणि लोक म्हणतात, “लई शांत पोर हाय.”

घरी थोडी पारख करता येते. मूल खेळात असेल तेव्हा पाठीमागून, त्याला दिसणार नाही असे बसा. हळू आवाजात हाक मारा. खुळखुळा वाजवा. थाळी नको, टाळी नको. तीन-चार वेळा, निरनिराळ्या दिवशी करून बघा. पण ही पारख म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. खरा निकाल यंत्रावर लागतो. कानात लहानसे बोंडूक घालतात, किंवा डोक्याला तारा चिकटवतात, आणि मूल झोपले असताना कान काम करतो की नाही ते यंत्र सांगते. सुई नाही, दुखणे नाही. जन्मलेल्या बाळाचीही ही तपासणी होते. ज्या बाळाने जन्मल्यावर लगेच रडू केले नाही, जे फार कमी दिवसांचे जन्मले, ज्याला फार कावीळ झाली, ज्याचा कान वाहतो, ज्याच्या आईला गरोदरपणी रुबेला झाला होता, त्याची तर जरूर करावी. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत असलेल्या घरांत जन्मजात बहिरेपणा अधिक आढळतो, हेही ध्यानात ठेवा.

कान धड निघाला, तर डॉक्टर पुढचे बघतात. गळ्यातली थायरॉइड नावाची गाठ जन्मतः नीट काम करत नसेल, तर मूल सगळ्यातच मागे पडते. ते लवकर कळले, तर रोजच्या गोळीने पुष्कळ सावरते. काही मुले डोळ्याला डोळा देत नाहीत, हाकेला ओ देत नाहीत, गाडीचे चाकच तासन्‌तास फिरवत बसतात. याला स्वमग्नता म्हणतात. ती मुले वेडी नाहीत, हट्टी नाहीत. त्यांना शिकवण्याची रीत निराळी असते.

आणि मोबाइल? बाळ रडले की हातात मोबाइल, जेवत नाही की मोबाइल! जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले, की वर्षाच्या आतल्या बाळाला असे चित्रपडदे दाखवूच नयेत, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. मोबाइल बोलतो, पण मुलाने ‘अं’ केले तर उत्तर देत नाही. आजी देते.

घरात दोन भाषा असल्या तर मूल मुके राहते, हे खरे नाही. आई पावरी बोलते, बाप अहिराणी बोलतो, खुशाल बोलू द्या. भाकरी थापताना, गोठ्यात, आंघोळ घालताना मुलाशी बोला आणि त्याच्या उत्तराची वाट बघा. ते “माऊ” म्हणाले, तर तुम्ही म्हणा, “माऊ आली. माऊ दूध पिते.” पण “आधी बोल, मग पाणी देतो,” असे तहानलेल्या पोराला छळू नका.

आता जायचे कोठे? पहिल्यांदा अंगणवाडीताईंकडे. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात मुलाने काय करावे, याची चित्रे आहेत. ती आता तुम्हांला वाचताही येतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरला सुरू झाला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. गरज असेल तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चिठ्ठी देतात. मुंबईत वांद्र्याला 1983 सालापासून अली यावर जंग संस्था आहे, तिथे हेच काम चालते. काही महिन्यांच्या बाळालाही श्रवणयंत्र लावता येते. यंत्राने भागत नसेल, तर शस्त्रक्रिया करून कानात आत यंत्र बसवतात. सरकारी योजनेतून ते मोफत मिळू शकते, पण त्याला वयाची अट आहे. शब्द शिकण्याची मेंदूची ओल पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जास्त असते. म्हणून “शाळेत गेला की बोलंल” हे वाक्य मला फार महाग वाटते.

तपासणीला जाताना कार्ड न्या, बाळंतपणाचे कागद न्या. दवाखान्यातून आधी विचारून घ्या, मूल जागे आणायचे की झोपाळलेले. कानाच्या यंत्रासाठी बहुधा त्याला आदल्या रात्री थोडे जागवायला सांगतात. आणि बंधूंनो, तुम्हीही बरोबर जा. डॉक्टर दोघांनाही प्रश्न विचारतात, आणि घरी आल्यावर “काय म्हणाले?” याचे उत्तर सगळ्या घराला एकट्या सुनेने देत बसायचे, हे काही बरे नाही.